सैन्याला स्वतःचे हवामानतज्ज्ञ हवेत की नकोत?

कडेलोट: काल 'चाणाक्ष' यांनी लिहिलं की उपग्रह आहेत, मोबाइलवर तासातासाचा अंदाज येतो, हवामान खातं आहेच, मग सैन्यदलांनी वेगळे हवामानवाले पोसायचे कशाला? वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेहची धावपट्टी १०,५०० फुटांहून उंच. मोबाइल सांगतो, 'निरभ्र, २४ अंश'. पर्यटकाला तेवढं पुरे. पण मालवाहू विमानाचा वैमानिक त्या २४ अंशांकडे वेगळ्या नजरेनं बघतो. हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ, मग माल कमी करा. दुपारी वारा उठतो, म्हणून उड्डाणं सकाळी उरका. पाऊस येईल का, हा प्रश्नच नसतो. एवढं वजन घेऊन या वेळेत हे काम होईल का, ते सांगायचं असतं. तेही वैमानिकासमोर उभं राहून, त्याचे उलटे प्रश्न झेलत.

चाणाक्ष: तापमान मोजायला गणवेश लागतो का? वजनाचं गणित तक्त्यावरून होतं. एप्रिल १९८० आठवा. इराणमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेची आठ हेलिकॉप्टरं निघाली. वाटेत धुळीचे लोट. सहा पोचली, त्यातलं एक नादुरुस्त. मोहीम रद्द, निघताना टक्कर, आठ जण ठार. होते ना हवामान अधिकारी दिमतीला?

कडेलोट: होते, आणि असे लोट उठू शकतात हे त्यांना ठाऊकही होतं! गुप्ततेच्या नावाखाली त्यांची आणि वैमानिकांची गाठच पडू दिली नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. घरातलं कुणी सैन्यात असतं तर असं लिहिलं नसतंत.

चाणाक्ष: माझा सख्खा भाऊ नौदलात आहे. पावसाळ्यात त्याचं जहाज समुद्रात असलं की आई रात्रभर जागी असते. घरावर यायचं काम नाही.

गोदाकाठ: भांडू नका. आमच्या मामांची नोकरी देवळालीत तोफखान्याच्या शाळेत झाली. हायड्रोजनचा फुगा सोडायचे, खाली दोरीला छोटंसं यंत्र. वर जाता जाता ते वारा, तापमान, दाब कळवत राहतं, त्यावरून तोफेचा नेम दुरुस्त करतात. गोळा वरच्या थरांतून जातो, तिथला वारा जमिनीवर उभं राहून कळत नाही. हे सगळं पटतं. पण निफाडला माझी द्राक्षबाग आहे. माल काढणीला आला की अवकाळी येतो, मणी तडकतात. मेसेज काय, तर 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस'. यावर मी मजूर बोलवू की नको? तोफेला जेवढं नेमकं सांगता, तेवढं बागेला का नाही?

रानवारा: शंभर टक्के. आमच्याकडे गारपिटीनं कांदा गेला, इशारा आला तेव्हा गारा वेचून झाल्या होत्या.

चाणाक्ष: हेच तर म्हणतोय! वेगळी यंत्रणा मोडा, पैसा रडारवर घाला.

रानवारा: पैसा आमच्याकडे वळेल याची हमी कोण देतंय? आजवर वळलाय?

कडेलोट: द्राक्षं, कांदा यांचा वेगळा धागा काढा ना राव!

गोदाकाठ: का? शेतकरी बोलला की विषयांतर?

जुनी_पानं: दुसरं महायुद्ध, १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तसैन्याची चढाई ५ जूनला ठरली होती. अमेरिकी हवामानतज्ज्ञ म्हणत होते, जा. ब्रिटिश हवामान खात्याच्या डन्स्टेबल केंद्रातले पेटरसन म्हणत होते, नको. मुख्य हवामान सल्लागार स्टॅग यांनी हे मतभेद पचवून सरसेनापती आयसेनहॉवरना एक उत्तर दिलं आणि चढाई एक दिवस पुढे गेली. वाट पाहिली असती तर पुढची सोयीची भरती-ओहोटी १९ जूनच्या सुमारास, आणि तेव्हा मोठं वादळ झालं.

चाणाक्ष: स्टॅग मुळात ब्रिटनच्या मुलकी हवामान खात्याचे! गणवेश नंतर चढवला. आयर्लंडच्या ब्लॅकसॉडहून दाब घसरल्याचं कळवणारी मुलगीही सैनिक नव्हती.

कडेलोट: मग स्टॅगना हवाई दलात ग्रुप कॅप्टन केलं कशाला? सेनापतींच्या खोलीत बसून 'नको' म्हणायला हुद्दा लागतो म्हणूनच ना?

चाणाक्ष: बरं, खोलीत माणूस हवा, दिला. पण त्याच्यामागे अख्खं वेगळं खातं हवं, हे अजून कुणी पटवलेलं नाही.

गोदाकाठ: आणि त्या फुग्यांच्या नोंदी? काम झाल्यावर तरी हवामान खात्याला द्या. वरचा वारा आमच्या ढगांनाही तोच ढकलतो.

कडेलोट: सरावाच्या दिवसांपुरतं चालेल. सीमेवरचं मात्र एक अक्षर नाही.