मदत हवी आहे: आई-दादांना ऑस्ट्रेलियातल्या बीचवर कोणते कपडे द्यावेत?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीचे. डिसेंबरात आई-दादांना बहिणीकडे ब्रिस्बेनला पाठवतोय. तिथे तेव्हा ऐन उन्हाळा, आणि जवळच गोल्ड कोस्टचा समुद्र.

दादा म्हणतात, "मे महिन्यात 43 डिग्रीत शेतात राहणारी माणसं आपण, तिथल्या 30 डिग्रीला काय भ्यायचं?" पण तिथे खरी काळजी अतिनील किरणांची. यूव्ही इंडेक्स (या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 3 झाला की तिथे अंग झाकायला सांगतात आणि डिसेंबरात तो दुपारी 11च्याही वर जातो. ढग असले तरी कातडी भाजते. गांधी टोपीने कान-मान झाकत नाहीत, म्हणून रुंद काठाची टोपी घ्यायचीच. ती त्यांच्या गळी कशी उतरवावी?

आईचा प्रश्न जास्त नाजूक आहे. ती सहावारीशिवाय काही नेसत नाही. वाळूत बसायला साडी उत्तमच, पण लाटेत ओली साडी पायाला गुंडाळली तर? तिला पाण्यात जायची फार हौस आहे. तिथे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे सर्रास वापरतात असं बहीण सांगते. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं, हेही तिने बजावलंय.

असे कपडे नांदेड किंवा संभाजीनगरात साठीच्या बाईच्या मापाचे कुठे मिळतील? कुणाच्या आईने घातलेत का, अवघडल्यासारखं झालं का? आणि एसपीएफ 50चं सनस्क्रीन घामात टिकणारं कोणतं? दर दोन तासांनी परत लावायचं, एवढं माहीत आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा गॉगल कसा निवडावा तेही सांगा.