मदत हवी आहे: ‘मिइन्दो’तला चेहरा जमत नाहीये

मंडळी, शिन युन-बोक या कोरियन चित्रकाराचं ‘मिइन्दो’, म्हणजे सुंदरीचं चित्र, गेले दोन आठवडे कागदावर उतरवतेय. कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातलं हे मूळ चित्र रेशमावर आहे, कानसोंग संग्रहालयाच्या संग्रहात.

चेहरा गोल, भरलेला. भुवया चंद्रकोरीसारख्या बारीक, डोळे अरुंद, पापणीला घडी नाही, ओठ इवलेसे. मी राजस्थानी लघुचित्रं शिकलेय, त्यामुळे डोळा काढायला घेतला की हात आपोआप तो कानापर्यंत लांबवतो आणि सगळा भावच जातो. मानेवरचे सुटे केस तर बघतच राहावेत इतके नाजूक! डोक्यावर ‘गाचे’, जाडजूड वेण्यांचा कृत्रिम केशसंभार. त्याचा सोस एवढा वाढला होता की राजा योंगजोने १७५६ मध्ये बंदी घातली.

अडलंय ते गालांपाशी. छाया जवळपास नाहीच, तरी गोलाई दिसते. जोसॉन व्यक्तिचित्रांत रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग देत. कागदावर तसा मऊपणा कसा आणायचा? कुणी रेशमावर काम केलंय का? आणि दुसरं, हा चेहरा खऱ्या बाईचा मानायचा की त्या काळच्या सौंदर्यकल्पनेचा? त्यावर डोळ्यांतला भाव ठरेल. मूळ चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.