प्रति: जुलाबाच्या जंतूची साखर बाळाला कशाला?

वर एका ताईंनी विचारलंय की ई. कोलाय म्हणजे जुलाबाचा जंतू, मग त्याने बनवलेली, आईच्या दुधात असते तशी साखर बाळाच्या पावडरीत कशाला. भीती समजते हो, पण वापरतात ते के-१२सारखे लॅबमधले वाण, त्यांनी रोग होत नाही आणि शेवटी जंतू गाळून, साखर शुद्ध करूनच वाळवतात.

या जंतूला लॅक्टोज, म्हणजे दुधातली नेहमीची साखर, दिलं की तो फोडून खाऊन टाकतो, म्हणून आधी त्याचं फोडणारं जीन काढायचं, लॅक्टोज आत घेणारं मात्र ठेवायचं, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीचं, हो तोच अल्सरवाला, एक जीन घालायचं जे लॅक्टोजला फ्युकोज ही दुसरी साखर जोडतं, की झाली ती पावडरीतली साखर, टू-फ्युकोसिललॅक्टोज! एमएस्सीला मी अशा जंतूंच्या प्लेटा केल्यात, त्यात रंग दाखवणारं द्रव्य घालायचं, फोडणारं जीन शाबूत असेल तर वसाहती निळ्याशार, गेलं असेल तर पांढऱ्या, सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर निळ्या ठिपक्यांत एखादी पांढरी टिकली दिसली की जीव हरखायचा.

आईच्या लिटरभर दुधात अशा साखरा साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, गाईच्या दुधात अगदीच नगण्य, आणि बाळाला त्या पचत नाहीतच, त्या खातात आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया हे चांगले जंतू. सगळ्या आयांच्या दुधात टू-फ्युकोसिललॅक्टोज असतंच असंही नाही, ते आईच्या जीनवर ठरतं.

माझी हरकत वेगळीच आहे, आईच्या दुधात या साखरांचे शंभरावर प्रकार आणि डब्यात एक नाहीतर पाच-सहा, तरी "आईच्या दुधासारखं" म्हणायचं हे मला अजिबात पटत नाही.