फक्त समोरच्यालाच लागेल अशी शिवी सुचवा

सबटायटलवाली:
एका डच मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. बहीण भावावर चिडून शिवी हासडते. डच लोक शिव्यांना सर्रास आजार वापरतात: कर्करोग, क्षय, टायफॉइड, कॉलरा. इथे ‘तेरिंग’ आहे, म्हणजे क्षय. ओळीत जागा एका शब्दाची. मराठीत शोधायला बसले तर प्रत्येक शिवी तिसऱ्याच कुणाला तरी जाऊन लागते. ‘भामटा’ हे एका जमातीचं नाव. ‘गावंढळ’मध्ये अख्खं गाव आलं. ‘रांडेच्या’ जोरकस आहे, पण रांड म्हणजे मुळात विधवा. शिवाय इथे आई दोघांची एकच! काही सुचतंय का?

पोथीनिष्ठ:
इंग्रजीतही तीच रड. ‘व्हिलन’ म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाडीवर राबणारा कुळवाडी. ‘इडियट’ ग्रीकमध्ये सार्वजनिक कारभारात नसलेला साधा माणूस. पुढे डॉक्टरांनी तो उचलला. इडियट, इम्बेसाइल, मोरॉन या चक्क बुद्धिमापनाच्या पायऱ्या होत्या. ‘मोरॉन’ तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्डने १९१० मध्ये ग्रीकवरून मुद्दाम घडवला. तो शाळेच्या मैदानात पोचायला वेळ लागला नाही. मग सभ्य पर्याय म्हणून ‘रिटार्डेड’ रुळला, त्याचीही शिवी झाली आणि २०१० मध्ये अमेरिकेला कायदा करून तो संघराज्याच्या कायद्यांतून काढावा लागला. आपलं ‘मतिमंद’ त्याच वाटेने गेलंय. तेव्हा डॉक्टरी शब्दांच्या वाटेला जाऊ नका.

सबटायटलवाली:
नाहीच जात. पण निदान देवाधर्माच्या शब्दांना तरी हा रोग नसेल?

पोथीनिष्ठ:
आहे की! अशोकाच्या बाराव्या शिलालेखात राजा सगळ्या ‘पाषंडां’चा सन्मान करतो, तिथे अर्थ नुसता पंथ. आज ‘पाखंडी’ म्हणून बघा कुणाला. आणि अशोकाची स्वतःची पदवी ‘देवानांप्रिय’. सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात तिचा अर्थ दिलाय मूर्ख. सम्राटाचीही गय नाही.

मुंगळा:
कॅनडातल्या क्विबेकमधली फ्रेंच घ्या. तिथल्या शिव्या चर्चमधल्या वस्तू: ‘तबर्नाक’ म्हणजे प्रसादाची पेटी, ‘कालिस’ म्हणजे पेला. पेल्याला काय वाईट वाटणार? आपल्याकडे त्या जातीचा ‘शुंभ’ आहे. राक्षस कधीच मेला, नातेवाईक भांडायला येत नाहीत.

सबटायटलवाली:
‘शुंभ’ मठ्ठ माणसाला ठीक, हा भाऊ लबाड आहे.

मुंगळा:
मग सरळ ‘मेल्या’. आजार नको, थेट शेवटच! बाईच्या तोंडी शोभतं आणि लाडातही चालतं.

सबटायटलवाली:
बसला! पुढच्या भागात त्यांचा समेट होतो, तेव्हा ती हसत हसत तोच शब्द वापरते. डचमध्ये तिथे दुसरा शब्द आहे, पण मी ‘मेल्या’च ठेवणार. आता तो भाऊ उलटून तिला काय म्हणतो तेवढं बघा. मी ‘सटवी’ लिहिलं होतं, पण ती तर पाचवी-सहावीला बाळाचं नशीब लिहिणारी सटवाई.

मुंगळा:
‘अवदसा’ लिहा. ती कुणाचीच कोणी नाही.