उर्सुला बर्न्स आणि 'सवलत न मागणाऱ्यांचं' कौतुक

खोडरबर: काल उर्सुला बर्न्सवर एक पोस्ट फिरत होती. अमेरिकेतल्या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय मुलगी, पुढे झेरॉक्सची सीईओ झाली, वगैरे. आणि शेवटी टोला: "तिने सवलत मागितली नाही, मेहनत केली." अहो, न्यूयॉर्क राज्याच्या गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून ती इंजिनिअर झाली, आणि हे ती स्वतःच सांगत असते! १९८०ला झेरॉक्समध्ये उन्हाळी इंटर्न, मग कोलंबिया विद्यापीठातल्या मास्टर्सलाही कंपनीचा हातभार. कंपनीला तरी हे आपसूक सुचलं का? १९६४ला झेरॉक्सच्याच गावात, रॉचेस्टरमध्ये, कृष्णवर्णीयांच्या असंतोषातून दंगल पेटली, तेव्हा कुठे त्यांना नोकऱ्या द्यायला साहेबलोक जागे झाले.

सरळरेषा: मदत शेकडोंना मिळाली, सीईओ ती झाली. पनामाहून आलेल्या आईने लोकांचे कपडे इस्त्री करून, पोरं सांभाळून तिघांना वाढवलं. त्याचं काहीच नाही? माझ्या भावाची सीट गेली तेव्हा कुठे होत्या तुमच्या योजना?

खोडरबर: आली गाडी ॲडमिशनवर!

लेजरबुक: दर्जाचा प्रश्न तिच्यासमोरच निघाला होता. १९८९ची झेरॉक्समधली बैठक. एकाने विचारलं, सगळ्या समाजांतली माणसं घ्यायच्या अशा भरतीने दर्जा घसरत नाही का? वरिष्ठ वेलँड हिक्स यांनी सभ्यपणे उत्तर दिलं, तर ही त्यांच्यावरच उखडली, की असल्या प्रश्नाला उत्तर देताच कशाला? पुढे त्यांनीच तिला आपली सहायक नेमलं. मी एकदा भर मीटिंगमध्ये साहेबांची बेरीज सुधारली, तर मला गोदामात नटबोल्ट मोजायला बसवलं.

रात्रपाळी: कौतुक पुरे. कंपनीचं काय केलं ते बोला. ६.४ अब्ज डॉलरना एसीएस ही दुसऱ्यांची ऑफिसची कामं करून देणारी कंपनी घेतली, आणि २०१७ला तोच धंदा कंड्युएंट म्हणून तोडून दिला. अशाच एका आउटसोर्सिंगच्या कंपनीत मी खुर्ची झिजवलीय. मालक बदलला की आधी रात्रीची कॅब बंद होते, मग जेवणाची कुपनं.

लेजरबुक: तोडायला कार्ल आयकान, शेअर घेऊन कंपन्यांवर दबाव आणणारा गुंतवणूकदार, मानगुटीवर बसला होता, ते विसरलात? कागदावर छपाईच कमी होत चालली, तर नुसती यंत्रं विकत बसायचं? त्याच रॉचेस्टरची कोडॅक २०१२ला दिवाळखोरीत गेली. ती बाईने चालवली नव्हती.

रात्रपाळी: म्हणजे दिवाळं निघालं नाही हेच कर्तृत्व? वा!

लेजरबुक: २००९ सालच्या मंदीत तिच्यासारखं सीईओच्या खुर्चीवर बसून दाखवा, मग बोलू.

रात्रपाळी: बसवा की! कॅब देणार असाल तर उद्याच येतो.

सरळरेषा: बरं बाबा, शिष्यवृत्ती होती, मान्य. पण भावाच्या सीटचं अजून कोणी बोललं नाही.