बायसिकल थीव्ह्ज: चादरींचा तो ढीग

'सायकल चोरीला जाते, पुढे काहीच घडत नाही' असं 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन सिनेमाबद्दल कोणीतरी लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. अहो, ती सायकल म्हणजेच नोकरी! महायुद्धानंतरचं रोम, कामासाठी रांगा लागलेल्या, आणि नायकाला पोस्टरं चिकटवायचं काम मिळणार ते सायकल असेल तरच, ती तर गहाण पडलेली. मग त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवतात. गहाणाच्या दुकानातला माणूस त्या चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो, वर वर, आणि तेव्हा दिसतं की छतापर्यंत नुसती असलीच गाठोडी! एक शब्द न बोलता अख्ख्या शहराची परिस्थिती कळते राव.

आणि तो त्यांचा मुलगा ब्रुनो. सकाळी सायकल पुसताना त्याला पोचा दिसतो तर बापावर करवादतो, तुम्ही गहाणवाल्यांना बोलला का नाहीत म्हणून. केवढंसं पोर ते, पेट्रोल पंपावर कामाला जातं.

बापाचं काम करणारा माजोरानी खरोखरच कारखान्यात कामगार होता, नट नव्हताच. हॉलिवूडचा एक निर्माता पैसे द्यायला तयार होता पण त्याला माजोरानीच्या जागी हॉलिवूडचा स्टार कॅरी ग्रँट हवा होता, दिग्दर्शक डी सिकाने नकार दिला ते बरंच केलं, नाहीतर काय झालं असतं कल्पनाही करवत नाही :)

शेवटाबद्दल मुद्दाम लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी बघा, दीड तासाचाच आहे.