आठवीच्या मुलांसाठी मिठी नदीवर चित्रकलेचा उपक्रम सुचवा (बजेट 3,000 रुपये)

कुर्लेकर_बाई: कुर्ल्यात मिठीजवळच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवते. आठवीची 40 मुलं, आठवड्याला दोन तास, शाळेकडून 3,000 रुपये. दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' होतं आणि बाटलीची फुलदाणी प्रदर्शनानंतर पुन्हा कचऱ्यातच जाते. यंदा चित्र पाहून कुणीतरी जागचं हलावं, असं काही करायचंय.

मुलुंडकर: भिंत रंगवा, दुसरं काही नको. आमच्या सोसायटीचे 25,000 गेले, पण लोक थांबून फोटो काढतात. एक्स्टीरियर अ‍ॅक्रिलिकच घ्या, स्वस्तातलं पावसाळ्यात सोलतं.

खाडीकाठची: आमचीही भिंत सुंदर झाली होती, महिन्याभरात तिच्यावर वाढदिवसाचे बॅनर लागले. शिवाय अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. नदीसाठी चित्र काढायचं आणि ब्रश धुतलेलं पाणी त्याच नदीत सोडायचं? गेरू आणि तांदळाचं पीठ घ्या, वारली करा.

पाडा_ते_परळ: पहिल्या पावसात जाईल ते. आणि वारली म्हणजे किनार भरायची नक्षी नव्हे हो. लग्नघरात सुवासिनी चौक काढायच्या, त्यातून ती आली. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. आधी मुलांना आरेच्या पाड्यांवर न्या.

खाडीकाठची: मी वर्गातल्या भिंतीबद्दल म्हणत होते.

शाडूवाले: शाडूची कार्यशाळा घ्या. पीओपी पाण्यात विरघळत नाही हे मुलांनी स्वतः बादलीत पाहिलं की घरचा गणपती बदलतो. आमचा बदलला. धारावीचा कुंभारवाडाही तुम्हाला जवळ.

मुलुंडकर: शाडूसुद्धा बरीचशी गुजरातेतून येते. भिंतच बरी.

निवृत्त_कलाशिक्षक: बाई, छापचित्रं करा. चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीत राहायचे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची रेखाटनं आणि नंतरचे लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं) मुलांना दाखवा. एक ठसा कोरला की शंभर प्रती निघतात, दुकानादुकानांत लावता येतात. कोरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे हवा, एवढं सांभाळा.

कालिना_2005: 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. मुलांनी आजी-आजोबांना विचारावं, पाणी कुठवर आलं होतं? तेवढ्या उंचीवर खडूने निळी रेघ मारायची. मिठी विहार-पवईच्या ओसंडलेल्या पाण्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते, त्या वाटेचा नकाशाही काढता येईल.

पाडा_ते_परळ: रेघेला माझंही अनुमोदन.

कुर्लेकर_बाई: सगळ्यांचे मनापासून आभार. निळी रेघ फार आवडली, तरी वेगळं ठरवलंय. फाटकासमोर उघडं गटार आहे. दर शुक्रवारी मुलं एकाच जागेवरून, पेन्सिलीने, दिसेल ते काढतील: पाणी, कचरा, कडेला उगवलेला अळू. रंग नाही, घोषवाक्य नाही. पर्यावरण म्हटलं की ही मुलं रडणारी पृथ्वी आणि कुऱ्हाडवाला माणूस काढतात, समोरचं गटार कुणी नीट पाहिलेलंच नाही. डिसेंबरात चित्रांचा गठ्ठा अर्जासोबत मुलंच वॉर्ड ऑफिसात देतील. पैसे सगळे कागदावर.

निवृत्त_कलाशिक्षक: छापचित्रं झाली असती तर मला आनंद होता. असो. प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ लिहून घ्या. मूळ चित्रं शाळेतच ठेवा, अर्जाला झेरॉक्स जोडा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.